मंजुरीचा शिक्का नसलेली माणसं

नगररचना विभागाच्या टेबलाशी लोक दोनच कामांसाठी येतात. काहीतरी मंजूर करून हवं असतं, नाहीतर कशावर तरी हरकत घ्यायची असते. झोन दाखला, भाग नकाशा, ले-आउटची मंजुरी, बांधकाम परवानगी, जागेवर पडलेलं आरक्षण, घरावरून जाणारा डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता. येणाऱ्याच्या हातात फाइल असते आणि पोटात गोळा. अशा माणसाला सहज म्हणून विचारलं, ‘तुमच्या गल्लीत पावसाचं पाणी कुठून शिरतं हो?’ तर तो आधी मनात हिशेब मांडतो, की हे सांगितलं तर माझी फाइल सुटणार की अडकणार. मग जपून, बेताबेतानं बोलतो. त्याचं काही चुकत नाही. समोरच्याच्या हातात शिक्का असला की कुणीही हातचं राखूनच बोलणार.

मी आरेखक म्हणून निवृत्त झालो. नोकरीभर नकाशे काढले, ट्रेसिंग केली, पुढे संगणक आला तेव्हा ऑटोकॅडवर तेच केलं. शहराची रेघ न् रेघ हाताखालून गेली, पण त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्यांचं मोकळं बोलणं फार कमी कानावर आलं. म्हणूनच नाशिकमधल्या एका वास्तुकला महाविद्यालयात भरलेल्या नगरनियोजनाच्या परिषदेत जाऊन बसलो, तेव्हा मला सगळ्यात मोलाची वाटली ती एकच गोष्ट. तिथे निबंध वाचणाऱ्या मुलामुलींकडे आणि प्राध्यापकांकडे कसलाच शिक्का नव्हता. त्यांना काही मंजूर करता येत नव्हतं, काही नामंजूर करता येत नव्हतं. आणि नेमकं त्यामुळेच लोक त्यांच्याशी बोलले होते.

दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, कुलगुरूंचा संदेश हे सगळं रीतसर पार पडलं. पुणे, मुंबई, नागपूर, अहमदाबाद, भोपाळ असे ठिकठिकाणचे अभ्यासक आले होते. प्रत्येकाला निबंध मांडायला मोजकी मिनिटं, मग दोन-तीन प्रश्न, की सत्राध्यक्ष पुढचं नाव पुकारणार. वर्षभराचं काम एवढ्या वेळात सांगायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. कितीतरी जणांचे नकाशे पडद्यावर आले आणि नीट दिसायच्या आत गेले. त्यातल्या ज्या सत्रांत मी गुंतून गेलो, त्यांबद्दलच लिहितो.

पहिलं पुराचं.

नाशिककराला पूर समजावून सांगावा लागत नाही. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले, होळकर पुलाखालून किती वाहताहेत, हे आकडे पावसाळाभर मोबाइलवर येत राहतात. पण घराघरात विचारणा होते ती वेगळीच: ‘मारुतीला कुठवर लागलंय?’ नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाशी पाणी आलं की गंगाघाटावरच्या टपऱ्या हलायला लागतात. कमरेपर्यंत आलं की बाजारातली माणसं दुकानाकडे धावतात. आणि नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. वसईच्या विजयानंतर आलेली ती पोर्तुगीज घंटा आमच्या गावात पुराची शेवटची खूण होऊन बसली आहे.

शासनाच्या नकाशावर याच नदीला दोन रेषा आहेत. निळी पूररेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी. ऐकायला सोपं वाटतं. पण ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ हे शब्द माणसाला फसवतात. सप्टेंबर २००८ चा पूर पाहिलेल्या माणसाला वाटतं, आता २०३३ पर्यंत घोर नाही. प्रत्यक्षात २०१६ च्या ऑगस्टमध्ये मोठा पूर आला आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा आला.

या सत्रात एका प्राध्यापिका मॅडमनी हे गणित सोडवून दाखवलं, ते मी वहीत उतरवून घेतलं. पंचवीस वर्षांतून एकदाचा पूर म्हणजे दरवर्षी तो येण्याची शक्यता चार टक्के. गेल्या वर्षी येऊन गेला म्हणून यंदाचे चार टक्के कमी होत नाहीत. मग निळ्या रेषेला लागून कुणी फ्लॅट घेतला आणि वीस वर्षांचं गृहकर्ज काढलं, तर कर्ज फिटेपर्यंत निदान एकदा तरी पाणी तिथवर पोचण्याची शक्यता किती? छप्पन्न टक्के. निम्म्याहून जास्त. सभागृहात बसलेले बहुतेक जण नगरनियोजनातलेच, त्यांना यात नवं काही नव्हतं. मला मात्र वाटलं, हे वाक्य गंगेकाठच्या प्रत्येक सोसायटीच्या सूचनाफलकावर लागलं पाहिजे. तिथे राहणाऱ्याला ते कळलं, की तो घर घेताना, विमा काढताना, पार्किंगमध्ये गाडी लावताना वेगळा विचार करील.

त्यानंतर एक विद्यार्थिनी उभी राहिली. एम.प्लॅन.च्या, म्हणजे नगरनियोजनातल्या पदव्युत्तर पदवीच्या, शेवटच्या वर्षाला असावी. तिचा विषय जुन्या नाशिकचा, सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल या पट्ट्याचा. तिचं म्हणणं असं, की या भागात दोन पूर येतात. एक गंगेचा, खालून वर चढणारा. दुसरा पावसाचा, वरून खाली येणारा. दोन्ही बाजूंच्या चढावरून वाहत आलेलं पाणी आणि झाकल्या गेलेल्या सरस्वती नाल्यात न मावलेलं पाणी बाजारात तुंबतं, तेव्हा नदी आपल्या पात्रातही असू शकते. पूररेषा नदीपासून मोजलेली असते. या दुसऱ्या पाण्याला नकाशावर रेषाच नाही.

एवढं तर जुन्या नाशकातला कुणीही सांगेल. पण तिने ते मोजलं होतं. तिने पडद्यावर एका भांड्यांच्या दुकानाचा फोटो दाखवला. आतल्या भिंतीवर, फळ्यांच्या मागे, दुकानदाराने तेलरंगाने पाण्याच्या खुणा करून ठेवलेल्या, पुढे वर्ष लिहिलेलं. खालच्या फळीवर तांब्याची घंगाळं आणि पितळी पातेली, म्हणजे पाण्यात राहिली तरी पुसून विकता येतील अशी. त्याच्या वर स्टीलचे डबे. मिक्सर, कुकरची खोकी आणि हिशेबाच्या वह्या माळ्यावर. पुराचा अख्खा अनुभव त्या मांडणीत उतरलेला होता. तिने तो दाखवला आणि मग सर्वेक्षणाची लेव्हल, म्हणजे पातळी मोजायचं उपकरण, लावून प्रत्येक खुणेची उंची काढल्याचं सांगितलं.

प्रश्नोत्तरांत एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, ‘लोकांनी भिंतीवर काढलेल्या रेघांवर विश्वास कसा ठेवायचा?’

ती म्हणाली, ‘सर, एकाच वर्षाची खूण शेजारच्या तीन दुकानांत एका पातळीला आली, तरच मी ती धरली. नाही जुळली तिथे सोडून दिली.’

उत्तर ऐकून मी मनातून सुखावलो. नकाशा काढणाऱ्याला लागणारा काटेकोरपणा त्यात होता आणि लोकांनी सांगितलेलं वाऱ्यावर न सोडण्याची आस्थाही होती. चहाच्या वेळी मी तिला गाठून विचारलं, दुकानदारांनी इतकं सगळं सांगितलं कसं? ती म्हणाली, ‘काका, पहिल्यांदा नाहीच सांगितलं. महापालिकेकडून आलीस का, असंच विचारायचे. कॉलेजचं आयकार्ड दाखवलं तेव्हा स्टूल पुढे केलं.’

मी सुरुवातीला म्हटलं ते हेच. अतिक्रमण, पाडापाडी, नोटीस, कर यांची धास्ती जिथून संभवते तिथे माणूस आपल्या माळ्यावरचं काही दाखवत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यात विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करायचा, लोकांकडून हरकती-सूचना मागवायच्या, सुनावणी घ्यायची, अशी सोय आहे आणि ती मोलाची आहे. वीस वर्षांतून एकदा तरी आराखडा सुधारावा, असंही त्यात आहे. आपला सध्याचा आराखडा २०१७ साली मंजूर झाला. पण हरकत घेण्यासाठी माणसाला आधी नकाशा वाचता यावा लागतो, आपला सर्व्हे नंबर त्यात शोधता यावा लागतो, आणि मुळात हरकत घेण्यासारखं काहीतरी त्याच्या जागेवर पडलेलं असावं लागतं. ज्याच्या जागेवर रेघ पडली नाही तो येतच नाही. त्याला शहराबद्दल जे ठाऊक आहे ते कुठल्याच रकान्यात जात नाही. भांडी बाजारातल्या त्या दुकानदाराची कशालाच हरकत नव्हती. त्याच्याकडे माहिती होती, आणि ती घ्यायला कुणीतरी त्याच्या दाराशी जायला हवं होतं.

दुसरं सत्र सिंहस्थ कुंभमेळ्याचं. २०२७ जवळ आल्यामुळे सभागृह भरून गेलं होतं.

बारा वर्षांनी येणाऱ्या पर्वणीने या शहराला जेवढा आकार दिला तेवढा कुठल्याच आराखड्याने दिला नसेल. रस्ते, पूल, घाट, जलवाहिन्या यांतलं पुष्कळ काम सिंहस्थाच्या निधीतून आणि सिंहस्थाच्या घाईत झालेलं आहे. त्याची किंमतही आपण मोजली आहे. २७ ऑगस्ट २००३ ला शाही स्नानाच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. अरुंद रस्ता, रामकुंडाकडे उतरत जाणारा उतार आणि मागून रेटणारी गर्दी. आम्ही नाशिककर तो दिवस विसरत नाही. २०१५ च्या पर्वण्यांना तसं काही घडलं नाही, त्यामागे मार्गांचा, वळणांचा, थांब्यांचा पुष्कळ विचार होता.

त्या सिंहस्थाआधी विद्यापीठांची माणसंही कामाला लागली होती. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये असलेले डॉ. रमेश रासकर यांनी ‘कुंभथॉन’ नावाने इथल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरलं. पायाखाली चटई अंथरून तिच्यावरून किती माणसं गेली हे मोजण्याचा प्रयोग त्यातूनच निघाला. त्याआधी २०१३ मध्ये प्रयागच्या कुंभाचा हार्वर्ड विद्यापीठाच्या चमूने अभ्यास केला होता. नदीकाठच्या वाळूवर काही आठवड्यांसाठी उभं राहणारं आणि मग पुसून जाणारं शहर कसं चालतं, हा त्यांचा विषय.

इथे मला एक फरक सांगावासा वाटतो, आणि एका वक्त्याने तो फार चांगला मांडला. प्रयागला पूर ओसरल्यावर मोकळी झालेली नदीकाठची वाळू मिळते. नाशिकला तशी वाळू नाही. आमच्या पर्वण्या श्रावण-भाद्रपदात, म्हणजे ऐन पावसाळ्यात, आणि नदी शहराच्या मधोमध. साधूंच्या मुक्कामाचं साधुग्राम उभारायचं ते तपोवनात, काही महापालिकेच्या जमिनीवर आणि उरलेलं शेतकऱ्यांच्या जमिनी तात्पुरत्या घेऊन. गेल्या खेपेला तीनशे एकरांहून अधिक जागा लागली. अकरा वर्षं ती जमीन काय करणार? शेतकऱ्याने तिथे बाग लावायची की नाही, घर बांधायचं की नाही? २०२५ च्या अखेरीस तपोवनातल्या झाडांच्या तोडीवरून शहर पेटून उठलं, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. एका पिढीत दोन-तीनदा लागणाऱ्या जागेला मधल्या काळात झाडं फुटतात, माणसं फिरायला जातात, पाखरं घरटी करतात. तिला नकाशावर एकच रंग देऊन भागत नाही. बारा वर्षांच्या चक्राचा विचार करून या जमिनीचं नियोजन करायचं, तर ते काम अधिकाऱ्यांच्या बदल्यांच्या तीन वर्षांत बसणारं नाही. विद्यापीठं त्याच जागी राहतात. दर सिंहस्थाची नोंद, मोजमापं, चुका, लोकांची म्हणणी एका ठिकाणी सांभाळून पुढच्याच्या हाती देणं त्यांना जमेल, असं मला मनापासून वाटतं.

या सत्रात कुणीतरी पॅट्रिक गेडिस यांची आठवण काढायला हवी होती, ती राहून गेली, म्हणून इथे लिहितो. १९१४ साली हे स्कॉटिश नगरनियोजक हिंदुस्थानात आले आणि पुढची दहा वर्षं गावोगाव पायी हिंडून शहरांचे अहवाल लिहीत राहिले. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे ते पहिले प्राध्यापक. त्यांच्यानंतर ती धुरा डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी घेतली. आधी शहराची नाडी पाहा, मग शस्त्र हातात घ्या आणि तेही जपून, असं गेडिस यांचं सांगणं होतं. जुन्या गल्ल्या सरसकट रुंद करायच्या ऐवजी एखादं पडकं घर काढून तिथे चौक मोकळा करा, झाड लावा, विहीर साफ करा.

पण मला त्यांची खरी ओळख पटते ती इंदूरच्या गोष्टीत. प्लेगचे दिवस होते. गेडिस यांनी दिवाळीच्या मिरवणुकीची सूत्रं हाती घेतली आणि जाहीर केलं, की यंदा मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या भागातली घरं आणि रस्ते सगळ्यात स्वच्छ आणि दुरुस्त असतील तिथून जाईल. लोकांनी घरं झाडली, भिंती रंगवल्या, कचऱ्याचे गाडेच्या गाडे गावाबाहेर गेले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती. एका सणाच्या मार्गाने शहर साफ झालं. सिंहस्थाच्या शाही मार्गाचा विचार करताना आपण बॅरिकेड आणि बंदोबस्ताच्या पुढे जातो का? त्या मार्गावरच्या वाड्यांची गळकी छपरं, उघडी गटारं, जुन्या नाशकातली दर पावसाळ्यात खचणारी काझीची गढी, या सगळ्यासाठी सिंहस्थ हे निमित्त ठरू शकतं.

गेडिस परदेशी होते म्हणून लांबचे वाटत असतील, तर अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचं नाव घेऊ. त्यांचा जन्म १९०१ चा, नाशिकचा. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली तेव्हा तिची धुरा त्यांनी उचलली आणि थोड्याच वर्षांत पुणे शहराची घरोघर जाऊन पाहणी केली. कोण किती कमावतो, किती खोल्यांत किती माणसं राहतात, कुठून येऊन इथे स्थायिक झाली. संगणक नव्हता, अनुदानं तुटपुंजी होती, तरी एका अख्ख्या शहराची पाहणी उभी राहिली. नाशिकची तशी पाहणी हवी, असं परिषदेत वारंवार मनात येत होतं. २००१ च्या जनगणनेत आपण पावणेअकरा लाख होतो, २०११ मध्ये १४,८६,०५३. त्यानंतरची जनगणना झालीच नाही. ती आता २०२७ मध्ये, म्हणजे सिंहस्थाच्याच वर्षी आहे. तोवर पाणी, बस, शाळा, सांडपाणी या सगळ्याचं नियोजन जुन्या आकड्यावर अंदाज चढवून चाललं आहे.

ही पोकळी भरायला बरेच अभ्यासक उपग्रहाच्या छायाचित्रांकडे वळले आहेत. पाथर्डी, आडगाव, मखमलाबाद, गंगापूर रोडची टोकं, अशा शहराच्या कडा. हिरवा रंग कमी होत जातो आणि तांबडा वाढतो, असे नकाशे मी किती पाहिले! ते उपयोगाचे आहेत, नाही असं नाही. तरी त्यांतल्या काहींमध्ये माणसाचा पाय लागलेला दिसत नाही. द्राक्षबाग गेली हे वरून कळतं. ती का गेली, बागेच्या मालकाने जमीन विकली की भावकीच्या वाटण्यांत तुकडे झाले, की गुंठेवारीने प्लॉट पडले, हे बांधावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मखमलाबादला स्मार्ट सिटीची टीपी स्कीम, म्हणजे जमिनी एकत्र करून काही वाटा कापून उरलेला प्लॉट परत देणारी नगररचना योजना, आली तेव्हा शेतकऱ्यांनी किती जोराचा विरोध केला, ते सगळ्या शहराने पाहिलं. तिथल्या माणसांच्या मनात नेमकी कशाची भीती होती, जमिनीचा वाटा जाण्याची की परत मिळणारा प्लॉट कुठे असेल याची, हे शांतपणे बसून विचारणारा निबंध मला ऐकायचा आहे.

आणि आता मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट. दोन्ही दिवसांत मराठीत मांडलेलं जवळजवळ काही नव्हतं. प्राध्यापकांच्या बढत्या, पीएच.डी.च्या अटी, नियतकालिकांचे नियम यांच्यामुळे इंग्रजीत लिहावं लागतं, हे मला समजतं आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाहेरच्या अभ्यासकांनी वाचावं, तपासावं, यासाठी ते लागतंच. पण ज्याने स्टूल पुढे केलं, माळ्यावर चढून वह्या काढून दाखवल्या, भिंतीवरच्या खुणेपुढचं वर्ष बोटाने पुसून स्पष्ट केलं, त्याला आपल्या माहितीचं पुढे काय झालं हे कळलंच पाहिजे. त्याने ती अभ्यासकाला विश्वासाने दिली आहे. तो विश्वास एकदाच वापरून संपवला, तर पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलीला स्टूल मिळणार नाही.

यावर माझं म्हणणं अगदी साधं आहे. नाशिकबद्दलचा कुठलाही निबंध लिहून झाला, की त्याचा चार-पाच पानांचा मराठी सारांश आणि नकाशा करावा. एक प्रत नगररचना विभागाला द्यावी. एक प्रत, आपल्या गावात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे ठेवावी, म्हणजे कुणालाही हातात घेता येईल. आणि एकदा त्या वस्तीत जाऊन, पारावर किंवा मंगल कार्यालयात, तो वाचून दाखवावा. लोक चुका दाखवतील. ‘हे पाणी इथून नाही, मागच्या बोळातून येतं,’ असं कुणीतरी म्हणेलच, आणि निबंध सुधारेल.

परिषद संपल्यावर मी हे त्या विद्यार्थिनीच्या मार्गदर्शक मॅडमना सांगितलं. त्यांनी लगेच होकार दिला आणि उलट मलाच कामाला लावलं. मराठी सारांश त्या दोघी लिहिणार आहेत. नकाशावरची गल्ल्यांची जुनी नावं मी तपासून देणार आहे, कारण सिटी सर्व्हेच्या शीटवर एक नाव असतं आणि लोकांच्या तोंडी दुसरं. मुलीला सरस्वती नाल्याचा मार्ग चालून पाहायचा आहे, जिथे उघडा आहे तिथे काठाने आणि जिथे झाकला आहे तिथे वरच्या रस्त्याने, थेट गंगेपर्यंत. भांडी बाजारातल्या दुकानदारांना विचारून दुपारी गिऱ्हाईक कमी असतं ती वेळ ठरवायची आहे. हे सगळं मृगाच्या आत उरकायला हवं.